पोटात हवा, पायांत नाही

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष आहे: ट्रकच्या टायरमधली हवा. तरी वाचा, कारण तो ट्रक तुमच्या-आमच्या गाडीला खेटूनच जातो.

"टायर फुटल्याने ट्रक उलटला" ही बातमी आपण चहाबरोबर गिळतो. जणू आभाळातून वीज पडली. टायर आपला आपण फुटला, कोणी काही केलंच नाही! १ जुलै २०२३ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ माणसं गेली, तेव्हाही चालकाने आधी हेच सांगितलं होतं. परिवहन खात्याच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा काही सापडला नाही. हवा कोणी मोजतच नाही, म्हणून हे कारण कुठेही खपतं. आणि जिथे ते खरं असतं, तिथेही पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही: फुटण्याआधी त्यात हवा किती होती?

भार रबर पेलत नाही, हवा पेलते. हवा कमी झाली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, तापते आणि आतून सुटत जाते. मागच्या जोडचाकांतलं आतलं चाक तर बसलेलं दिसतही नाही. त्याचं ओझं शेजारचं मुकाट वाहतं. यावर आपली तपासणी काय, तर टॉमीने टायरवर ठोकणे! पार बसलेला टायर ठोकून कळतो. ११० पौंडांचे ८० झाले, हे कानाला कळत नाही.

आता खरी गंमत. एअर ब्रेकचा ट्रक स्वतःची हवा स्वतः तयार करतो. इंजिनावर कॉम्प्रेसर, चासीला टाक्या, दाब ८ बारच्या आसपास, म्हणजे सुमारे ११५ पौंड. मोठ्या टायरला लागते साधारण १०० ते १२०. पुष्कळ ट्रकांना टायरमध्ये हवा भरायचं तोंड कारखान्यातूनच दिलेलं असतं; नळी जोडायची की झालं. कल्पना नवीही नाही. १९४२ सालच्या अमेरिकन लष्करी 'डक' गाडीत चालक आपल्या जागेवर बसून टायरची हवा कमीजास्त करू शके. आणि आमचा ट्रक हवेचं दुकान पोटात घेऊन, उपाशी टायरांवर घाट उतरतो.

नळीबद्दल विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. "नळीतून हवा येतच नाही." येणार कशी? टाकी भरली की व्हॉल्व्ह 'फुस्स' करून कॉम्प्रेसरची हवा बाहेर सोडून देतो. नळीचं तोंड बहुधा त्याच ठिकाणी असतं. चाकांना उटी लावा, हँडब्रेक ओढा, ब्रेकचं पायडल चार-सहा वेळा दाबून टाकीचा दाब उतरवा. कॉम्प्रेसर पुन्हा कामाला लागतो आणि नळीत हवा येते. हे सांगायला दोन मिनिटं लागतात, पण गाडी ताब्यात देताना ती कोणी काढत नाही. "ड्रायव्हर नळी विकून खातात." लाखोंचा माल ज्याच्या भरवशावर सोडता, त्याच्यावर नळीपुरता विश्वास नाही? "वेळ लागतो." हे मात्र खरं. पंक्चरवाल्याच्या मोठ्या टाकीपेक्षा हे काम संथ आहे. पण तो वेळ ड्रायव्हरच्या झोपेतून का कापायचा? तो भाड्यात धरा.

एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे: नळी हे संजीवनीचं रोप नाही. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या नियमांत ८० टक्क्यांची रेघ आहे. ११० पौंडांचा टायर ८८ किंवा त्याखाली असताना चालला असेल, तर तो तसाच फुगवायचा नाही. पूर्ण हवा सोडून उतरवायचा आणि आतून तपासायचा. कमी हवेवर धावून दुबळी झालेली बाजू भरताना फाटते, आणि समोर उकिडवा बसलेला क्लीनर जिवाला मुकू शकतो. रेघेच्या वर असला तरी लांब नळी हवी, माणूस बाजूला हवा. म्हणजे पुन्हा तेच, आधी मोजायला हवं. मोजायचं गेज एका टायरच्या किमतीपुढे किस झाड की पत्ती!

म्हणून मला "ड्रायव्हर बेफिकीर" हा शेरा चीड आणतो. गेज दिलं नाही, नळी दिली नाही, थांबायला अर्धा तास दिला नाही, आणि अपघातानंतर गुन्हा मात्र त्याच्या नावावर.

नात्यात, ओळखीत ज्यांच्या गाड्या रस्त्यावर आहेत, त्यांना माझं एवढंच विचारणं आहे: तुमच्या टूलबॉक्समध्ये नळी आणि गेज आहे का? हो-नाही सांगा. नशिबाच्या गोष्टी त्यानंतर बोलू.