मिकीच्या आतला माणूस जेवला का?

हाँगकाँग, पॅरिस किंवा फ्लोरिडाच्या डिस्नेला जाऊन आलेली नागपूरची कुटुंबं आता विरळ राहिलेली नाहीत. परतल्यावर ती जे फोटो दाखवतात, त्यांत एक हमखास असतो. जेवणाच्या टेबलाशी मिकी वाकून उभा आहे, लेकरू त्याच्या गळ्यात पडलंय आणि आईवडील जेवण सोडून त्या दोघांकडे बघताहेत. काय जेवलात असं विचारलं की आठवायला वेळ लागतो. पॅनकेक होते, अंडी होती, फळं होती. मिकीनं मुलीच्या वहीत सही कशी केली हे मात्र घरातले सगळे एकदम सांगू लागतात. हॉटेलांविषयी आणि खाण्याविषयी लिहिणाऱ्या या स्तंभाला त्या जेवणाची दखल घ्यावी लागतेय, कारण तसला प्रकार नागपुरातही पाय रोवतोय आणि त्यातल्या एका माणसाकडे आपण कुणीच नीट बघत नाही.

पात्रांच्या सोबतीनं असं जेवण, म्हणजे कॅरॅक्टर डायनिंग, हा पक्का हिशेबाचा धंदा आहे. फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ साली उघडलं, त्याच वर्षी तिथलं कंटेम्पररी रिसॉर्टही सुरू झालं. या हॉटेलच्या पोटातून मोनोरेल जाते. तिथल्या ‘शेफ मिकीज’मध्ये जेवायचं तर दोन महिने आधीपासून जागा राखायला लोक टपलेले असतात. दर माणशी ठरलेला, मोठ्या माणसाला ५० डॉलरच्या पुढे. तीन वर्षांखालच्या लेकराला पैसे नाहीत. मिकी, मिनी, डोनाल्ड, गूफी, प्लूटो एकामागून एक टेबलापाशी येतात. प्रत्येकाच्या मागेपुढे एक सहायक असतो. रांग सांभाळणं, घाबरलेल्या लेकरापासून पात्राला दोन पावलं दूर ठेवणं, वेळ झाली की त्याला आत नेणं ही सगळी त्याची कामं. मुखवट्यातली पात्रं एक अक्षर बोलत नाहीत, सगळं हातवाऱ्यांवर चालतं. चेहरा उघडा असलेल्या राजकन्या तेवढ्या बोलतात. एकही टेबल सुटता कामा नये हा तिथला पहिला नियम, कारण ज्याचं टेबल सुटलं त्याचे पैसे बुडाले. पॅनकेक तर कुठेही मिळतात. तिथे गिऱ्हाईक पैसे मोजतं ते आपल्या लेकराकडे कुणीतरी दोन मिनिटं पूर्ण लक्ष द्यावं म्हणून.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाणारी जागा म्हणजे चोखी ढाणी. जयपूरच्या टोंक रोडवर १९८९ साली ती सुरू झाली आणि पुढे तिच्या शाखा निघाल्या, नागपूरलाही आली. हिशेब तोच. दाराशी तिकीट घ्यायचं, जेवण त्यातच आलं. आत कठपुतळ्या, कालबेलिया नाच, जादूगार, उंटाची सवारी. मग पंगत, बसायला जमिनीवर बैठक आणि समोर चौरंग. पगडीवाला वाढपी बाजरीची भाकरी घेऊन येतो, त्यावर तूप सोडतो, गुळाचा खडा ठेवतो, आणि तुम्ही हात आडवा धरला तरी आणखी एक वाढून पुढे सरकतो. या आग्रहाला तिकडे मनुहार म्हणतात. खाण्याच्या दृष्टीनं पाहिलं तर मला ही तऱ्हा डिस्नेपेक्षा उजवी वाटते. डिस्नेत पात्र टेबलापाशी येऊन फोटो देतं, पण बशीला हात लावत नाही. इथे वेश घेतलेला माणूसच वाढतो, त्यामुळे वेश आणि अन्न वेगळे पडत नाहीत. दाल-बाटीची चव नंतर घरीही आठवते ती म्हणूनच.

हे झालं मोठ्या जागांचं. नागपुरात हा प्रकार सर्वाधिक चालतो तो वाढदिवसाच्या हॉलमध्ये, लॉनवर आणि शहराबाहेरच्या वॉटर पार्कांत. मिकी असतो, २००८ साली छोट्या पडद्यावर आलेला छोटा भीम असतो, २०१२ सालचे मोटू-पतलू असतात. इव्हेंटवाला पोशाख आणतो आणि त्याच्या आत शिरायला एक पोरगा आणतो. मे महिन्याच्या संध्याकाळी अशाच एका हॉलच्या मागच्या दारापाशी मी त्यातला एक पाहिला. फोमचं भलं मोठं डोकं खुर्चीवर उलटं ठेवलेलं. आतल्या अस्तरावर घामाचे पांढरे डाग. गळ्यापासून पायापर्यंत फरचा अंगरखा, पाठीवरची चेन अर्धी उघडी. त्याला बाहेरचं दिसतं ते मुखवट्याच्या तोंडाला लावलेल्या काळ्या जाळीतून, म्हणजे फक्त समोरचं. कमरेएवढं लेकरू बाजूनं आलं तर पत्ता लागत नाही, आणि शेपूट ओढणारा कोण हे वळून पाहायला अख्खं धड फिरवावं लागतं. त्याच्यासोबत सहायक कुणीच नव्हता. पोट्टे मागून बुक्के मारतात, हे त्यानं तक्रार म्हणून नव्हे, रोजची गोष्ट म्हणून सांगितलं. जेवण कधी, विचारलं तर म्हणाला, पाहुणे गेल्यावर, उरलं तर.

नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. संध्याकाळी सात वाजताही लॉनवरच्या हिरवळीतून वाफ निघते. अशा हवेत फर घालून दोन तास नाचणं आरोग्याला धोक्याचं आहे. घाम सुकायला वारा लागतो आणि त्या पोशाखात वारा शिरत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता अंगातच कोंडते. महानगरपालिकेचा उष्णता कृती आराखडा आहे. बांधकामावरचे मजूर, हातगाडीवाले, वाहतूक पोलीस यांच्याविषयी शहरात निदान बोललं तरी जातं. पोशाखातल्या या पोरांचं नाव कुठेच निघत नाही, कारण ते कुणाच्याच हजेरीपटावर नसतात. हॉलवाला म्हणतो, तो इव्हेंटवाल्याचा. इव्हेंटवाला म्हणतो, तो रोजीवरचा. दुकाने व आस्थापना कायद्यात पिण्याच्या पाण्यापासून साप्ताहिक सुटीपर्यंत बरंच काही लिहिलेलं आहे, पण त्यातलं काही या पोरापर्यंत पोचत नाही.

जिथून हा प्रकार आला तिथेही हा प्रश्न सुटायला फार काळ गेला. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५ साली सुरू झालं. तिथल्या पात्रांच्या आणि मिरवणुकीतल्या कलाकारांनी युनियनच्या बाजूनं कौल दिला तो थेट मे २०२४ मध्ये. जवळपास १७०० जणांचा हा गट ॲक्टर्स इक्विटी या नटांच्या संघटनेत गेला. सुरक्षितता, पगार, कामाच्या वेळा आणि पोशाखांची स्वच्छता अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्यांनी संघटना निवडली ती रंगभूमीवरच्या नटांची, हे मला महत्त्वाचं वाटतं. मिकीच्या आत उभा असलेला माणूस नट आहे, हे त्यांनी मतदानानं ठरवून टाकलं. टोकियो डिस्नेलँडमधल्या एका महिला कलाकाराचं बोट २०१३ साली एका पाहुण्यानं पिरगाळलं. तिनं ते कामावरची दुखापत म्हणून नोंदवायचं ठरवल्यावर कामाच्या जागी तिचा छळ झाला, अशी तिची तक्रार होती. २०२२ साली चिबा जिल्हा न्यायालयानं तिला ८ लाख ८० हजार येन भरपाई देण्याचा आदेश दिला. एवढ्या शिस्तीच्या देशात, एवढ्या मोठ्या कंपनीत हे घडतं, तर ठेकेदाराच्या भरवशावर सोडलेल्या आपल्या पोरांचं काय होत असेल, याचा विचार व्हायला हवा.

धंदेवाल्यांची बाजूही मी ऐकली आहे. पाच-सात हजारांत सजावट, गाणी आणि मिकी असं सगळं मागणारं गिऱ्हाईक असतं, भाव वाढवला तर ते दुसऱ्याकडे जातं. हे खरं आहे. पण माझी मागणी काय आहे तेही पाहा. सलग वीस मिनिटांहून जास्त वेळ पोशाखात ठेवू नका. मधल्या वेळेत पंखा आणि पाणी द्या. सोबत एक माणूस ठेवा. पोशाख प्रत्येक कार्यक्रमानंतर धुवा आणि वाळवा. आत अठराच्या वरचाच माणूस असू द्या. उन्हाळ्यात फरऐवजी सुती, चेहरा उघडा ठेवणारे वेश वापरा. आणि काम सुरू होण्याआधी त्याला जेवू घाला. यातलं काहीही एका केकच्या किमतीपलीकडे जात नाही.

शेवटची मागणी तर नागपूरला नवी वाटायचं कारण नाही. वेश घेऊन दारात आलेल्याला खाऊ घालणं ही आपली रीतच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. चाकांवरचे लाकडी बैल ओढत, वेगवेगळे वेश करून लेकरं दारोदार जातात आणि प्रत्येक घर त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, ठेवतं. बहुरूपी आला तर त्याला सुपातून धान्य मिळायचं. वेशातल्या माणसानं गंमत दाखवायची आणि घरानं त्याचं पोट पाहायचं, हा व्यवहार इथल्या माणसाला शिकवावा लागत नाही. भाड्याच्या मिकीशी वागताना मात्र आपण तो विसरतो.

आणि मिकीच का, हाही प्रश्न विचारायला हवा. राजस्थानची ढाणी नागपुरात चालते, याचा आनंदच आहे. पण विदर्भाच्या पूर्व भागात चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियात झाडीपट्टीची आख्खी रंगभूमी उभी आहे. वडसा हे तिचं मोठं केंद्र. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईंबरोबर तिचा हंगाम सुरू होतो, जेवणं उरकल्यावर पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. २०२३ साली तिथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचं नाव दिल्लीत पोचलं. तिच्या शेजारी दंडार हे लोकनाट्य आहे, ढोलकीच्या तालावर उभ्यानं रंगणारी खडी गंमत आहे. होळीच्या आसपास हा हंगाम उतरतो आणि कलाकार शेतीकडे नाहीतर मजुरीकडे वळतात. रिसॉर्टांचा हंगाम नेमका तेव्हाच, एप्रिल ते जूनमध्ये भरात येतो. एकीकडे कलाकाराचा हात रिकामा, दुसरीकडे रिसॉर्टला कलाकार हवा. ही दोन वेळापत्रकं एकमेकांशी जुळवायला कुणी बसलेलं नाही.

आपल्या ताटातही नाट्याची कमतरता नाही. लांब पोळी करणारी बाई कधी जवळून पाहा. ती लाटणं घेत नाही. भिजवून, मळून, आपटून सैल केलेला गोळा ती दोन्ही हातांवर घेते. तो खाली ओघळू लागतो, तशी ती मनगटं फिरवत जाते. कणीक कोपरापर्यंत पसरते, पातळ होते, पलीकडचा उजेड दिसू लागतो आणि क्षणात ती उलट्या मडक्याच्या तापलेल्या पाठीवर पडते. भोवती उभ्या लेकरांच्या तोंडून आवाज निघतो तो न शिकवता. सोबत पाटोडीचा रस्सा, डाळ-कांदा, सांबारवडी, आणि वाढायला गंमतीतला सोंगाड्या. तो मुलाला नाव विचारेल, त्या नावावर चार ओळी रचेल, आणि पानात वडाभात वाढून जाईल. रांधणं बघायला नागपूर गर्दी करतं, हे शेफ विष्णू मनोहर यांनी २०१७ साली इथेच सलग ५० तासांहून अधिक वेळ रांधून सिद्ध केलं आहे. अशा मेजवानीला गिऱ्हाईक मिळणार नाही, असं कुणी म्हणू नये.

मात्र एक अट. झाडीपट्टीच्या नटाला दाराशी फेटा बांधून नमस्कार घालायला उभं करायचं आणि त्याला सन्मान म्हणायचं, हे चालणार नाही. त्याला त्याच्या बोलीत बोलू द्या, त्याचा विनोद त्याला रचू द्या. हंगामाचा लेखी करार करा, आणि मेन्यूकार्डावर जसं पदार्थांचं नाव छापता तसं त्याचं नाव छापा. लांब पोळी करणाऱ्या बाईंचंही. ज्यांच्या लक्षावर आणि कसबावर तिकीट विकलं जातं, त्यांना तिकिटातला वाटा मिळाला पाहिजे. रिसॉर्टवाल्यांनी वडशाच्या नाटक कंपन्यांशी बोलणी करायची तर आत्ता करावी, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात पंगत बसेल.

आणि वाचकांसाठी. लेकराच्या वाढदिवसाला हॉल ठरवताना आपण केकचा स्वाद विचारतो, फुग्यांचा रंग विचारतो. त्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा. मिकी किती वेळ पोशाखात राहील, त्याच्यासोबत कोण असेल, आणि तो जेवणार कधी. घाबरलेल्या मुलाला फोटोसाठी पुढे ढकलू नका, आणि बुक्के मारणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. चार गिऱ्हाइकांनी हे विचारलं की पाचव्याला सांगायची पाळी येणार नाही, हॉलवाला स्वतःच सोय करून ठेवील. एवढं करूनही जो हॉलवाला पोशाखातल्या माणसाचं ताट मोजायला तयार नसेल, त्याच्याकडे आपल्या लेकराचा वाढदिवस करू नका.