होडीवरील इंजिन : दोष कोणाचा?

विहिरीवरील तेलाचे इंजिन बंद पडले, तर बागेस पाणी एक दिवस उशिरा मिळते. भर समुद्रात इंजिन बंद पडले, तर होडी वारा नेईल तिकडे जाते आणि खडकाळ किनारा जवळ असल्यास खलाशांच्या जिवावर बेतते. कोकणच्या किनाऱ्यावर शिडाची जागा इंजिनाने घेतल्यापासून हा प्रश्न प्रत्येक मच्छीमार कुटुंबाचा झाला आहे. अशा वेळी नाखवा इंजिनास बोल लावतो. तो बहुधा अस्थानी असतो.

डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाही; दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. त्यामुळे खाऱ्या, दमट हवेत बिघडणारी ठिणगीची यंत्रणाच येथे नसते. स्वच्छ इंधन, पुरेशी हवा आणि थंडावा मिळाला, की ते तासन्‌तास अखंड चालते. परंतु इंधनातील पाणी व गाळ त्यास सोसत नाही. अर्धवट रिकाम्या टाकीतील हवा रात्री थंड होते, तिच्यातील बाष्पाचे पाणी होते व ते तळाशी साचते. बंदरात ते तेथेच राहते. समुद्र खवळला, की ढवळून फिल्टरमध्ये येते. इंजिन नेमके वादळात दगा देते, ते यामुळेच.

थंडाव्याचेही तसेच आहे. समुद्राचे पाणी आत घेणारी वाट शेवाळाने वा प्लॅस्टिकच्या पिशवीने बुजली, तर पंपातील रबरी इंपेलर कोरडा फिरून लवकरच फाटतो. इंजिन सुरू होताच पाणी बाहेर पडते की नाही, हे पाहण्यास क्षणच लागतो. धुराकडेही लक्ष असावे. काळा धूर जादा भार अथवा अपुरी हवा दर्शवितो, तर निळा धूर वंगण जळत असल्याचे सांगतो.

बंदरात परतताच टाकी भरून ठेवावी, निघण्यापूर्वी तळाचे पाणी काढावे आणि जादा फिल्टर, इंपेलर व पट्टा जवळ बाळगावा. फिल्टर बदलल्यावर इंधनाच्या नळीतील हवा काढणे होडीवरील निदान दोघांस यावे. हे मिस्त्रीचे काम, असे कित्येक नाखवे म्हणतात. बंदरात ते खरे आहे. पण समुद्रात मिस्त्री नसतो.

यास्तव इंजिनासाठी कर्ज अथवा अर्थसाह्य देतानाच तांडेल व खलाशी यांच्या शिक्षणाची सोय होणे अगत्याचे आहे. पावसाळी मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. बंदरोबंदरी असे वर्ग भरविण्यास याहून योग्य काळ नाही.