विहिरीचा तळही जमिनीखालीच
खाणी चंद्रपूरकडे आहेत, सातारा-सांगलीला खाणसुरक्षेशी काय देणेघेणे, हे मागील अंकातल्या पत्रलेखकांचे म्हणणे मला अजिबात पटले नाही. माण, खटाव, जत, आटपाडीत काळा कातळ सुरुंगाने फोडूनच विहिरी खोदतात. मजूर यारीच्या बकेटमधून खाली उतरतो. आमच्या विहिरीवर वायररोपच्या तारा तुटून काट्यांसारख्या उभ्या राहिल्या होत्या. तरी ‘एवढी खेप होऊ दे’ म्हणत बकेट सोडली. दोर तुटला, एकाचा पाय कायमचा गेला. मीही तिथेच उभा होतो, हे आजही बोचते.
खाणींचा कायदा खनिजांच्या खोदाईसाठी आहे. पाण्याची विहीर त्यात बसत नाही. त्यामुळे खाण निरीक्षक इथे दोर तपासायला येत नाही. विहीरमालकांनो, माणूस खाली सोडण्याआधी दोर स्वतः हाताळून पाहा. एक तार जरी तुटलेली दिसली, तरी काम थांबवा.
– एक शेतकरी, आटपाडी