पारा मंडळात, गारठा नाल्याकाठी

खानदेशच्या उन्हाचा गवगवा फार. भुसावळचा पारा 45 वर गेला की पहिल्या पानावर बातमी येते. थंडीच्या वाट्याला येतात ते शेकोटीचे आणि भरीत पार्टीचे फोटो. केळीवाल्या घरांत मात्र उन्हाइतकीच धास्ती फेब्रुवारीतल्या रात्रींची असते.

आमचे घर यावल तालुक्यात. मागे परस, त्याला लागून केळीची कांदेबाग, आणि बाग नाल्याकडे उतरत गेलेली. संक्रांत झाली, गोधड्या उन्हात घालून घडी केल्या, की उत्तरेचा वारा पुन्हा सुटतो. वारा वाहतो तोवर निभते. वारा पडला आणि आभाळ मोकळे असले की रात्र वैऱ्याची. जमिनीची ऊब निघून जाते आणि गार, जड हवा उताराने जाऊन सखल भागात साचते. अशा रात्रीनंतर भिंतीलगतची मिरची हिरवी असते आणि नाल्याकडची काळवंडलेली. ऊन चढले की पपईची पाने उकडलेल्या भाजीसारखी लोंबू लागतात.

केळीचे दुखणे उशिरा कळते. पाने पिवळी पडतात, पोंगा उलगडत नाही, नवे पान आखूड निघते. याला आम्ही चरका म्हणतो. निसवणीला आलेल्या झाडाचा घड बुंध्यातच अडकतो. सुटलाच तर बारीक, आणि व्यापारी त्याचा भाव पाडून मागतो.

आता विमा पाहा. हवामान आधारित फळपीक विम्यात केळीच्या कमी तापमानाचा वर्षानुवर्षे चालत आलेला निकष असा: 1 नोव्हेंबर ते 28 फेब्रुवारी या काळात सलग 3 दिवस 8 अंश किंवा त्याहून कमी. हे मोजायचे महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर. एका मंडळात कितीतरी गावे. काही टेकाडावर, काही नाल्यात. शिवाय केंद्रातले यंत्र जमिनीपासून उंचावर असते आणि निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा त्याहून दोन-चार अंशांनी गार असू शकते. एका रात्री 4 अंश आणि दुसऱ्या रात्री 9 लागले, तर निकषाच्या हिशेबी काहीच घडलेले नाही. पाने पिवळी पडल्यावर दीर केंद्राचा आकडा बघून आले आणि म्हणाले, “वहिनी, बाग गेली; पण कागदावर थंडीच पडली नाही.”

आकड्याशिवाय विमा चालणार नाही, हे मान्य. डोळ्यांनी पाहून भरपाई द्यायची म्हटले तर वशिल्याचे राज्य येईल. म्हणूनच मागणी निकष काढण्याची नाही, जवळून मोजण्याची आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत केंद्र हवे, आणि तेही सखल जागा धरून. सलग तीन दिवसांच्या जोडीला एकाच रात्रीच्या कडाक्याचाही टप्पा हवा. केंद्र सरकारने 2012 मध्ये शीतलहर आणि हिम यांना आपत्तींच्या यादीत घेतले. पण त्या मदतीलाही पिकाचे किमान 33 टक्के नुकसान पंचनाम्यात दिसावे लागते, आणि चरका दिसायला वेळ लागतो. परसाचे तर कोणी विचारतच नाही. घरची भाजी आणि बाईच्या हातचे दोन पैसे सातबाऱ्यावर नसतात.

दुसरी गोष्ट विजेची. विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असते. मध्यरात्रीनंतर ते दिले तर बाग तगते. बांधावर ओलसर पालापाचोळा पेटवला की थोडा आधार मिळतो. दिवसा वीज मिळावी म्हणून आम्हीच भांडलो आणि ते रास्तच होते. रात्री दारे धरताना साप चावून माणसे गेली आहेत. तरी थंडीचा इशारा असेल त्या मोजक्या रात्री दोन-तीन तास वीज मिळायला हरकत काय? ठिबकचे कॉक संध्याकाळीच उघडून ठेवता येतात.

2018 च्या डिसेंबरात निफाडला पारा 1.8 अंशांवर आला, तेव्हा द्राक्षांची चिंता सगळ्या राज्याने केली. केळीची व्हायला आमच्याकडेही आकडा हवा. सरकारी केंद्र येईपर्यंत गावाने आपला ठेवावा. किमान-कमाल तापमापी फार महाग नसते. एक नाल्याकाठी, एक गावठाणात लावावी, शाळेतल्या पोरांनी रोज सकाळी फळ्यावर लिहावे आणि ग्रामसभेत नोंद व्हावी. विमा कंपनी ती नोंद लगेच मानणार नाही. पण नवे केंद्र कुठे बसवायचे, हा वाद निघेल तेव्हा गावाच्या हातात निदान वही असेल.