गाणं अरिवूचं, मुखपृष्ठ इतरांचं

मार्च २०२१ मध्ये ‘एंजॉय एंजामी’ आलं. संगीत संतोष नारायणन यांचं, आवाज धी आणि अरिवूचे, शब्द अरिवूचे. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबून भूमिहीनच राहिलेली त्याची आजी वल्लियम्माळ त्या गाण्यात आहे. ऑगस्टमध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर धी आणि शान व्हिन्सेंट डी पॉल झळकले. अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाब विचारला, टीका झाली, तेव्हा कुठे त्याचं डिजिटल मुखपृष्ठ निघालं.

जुलै २०२२. चेन्नईत बुद्धिबळ ऑलिम्पियाडचं उद्घाटन. गाणं झालं, मंचावर अरिवू नाही. तो अमेरिकेत होता, असा खुलासा आला. असेलही. पण दोन्ही वेळा गैरहजर तोच कसा?

मी धीला दोष देत नाही. माझं भांडण व्यवस्थेशी आहे. तिला आमची वेदना हवी, आमचा चेहरा नको. अरिवूने जाहीरपणे हक्क सांगितला, तर लगेच ‘हे तर सगळ्यांचं काम’ अशी समजूत घातली गेली.

घरातल्या पहिल्या पदवीधरांनो, अहवाल असो की शोधनिबंध, आपलं नाव मागा. तो हावरटपणा नव्हे. आपल्या आज्यांची नावं सातबाऱ्यावर लागली नाहीत. नातवंडांची त्यांच्या कामावर तरी लागू देत.

जय भीम.