गावात अधिकारी झाले, अधिकार कुठे?



2024 साली सरकारने तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी केले, ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी केले. 2025 साली कृषी सहायकाचा सहायक कृषी अधिकारी झाला. गावात आता सगळे अधिकारीच! अधिकार मात्र एकाकडेही नाही.

2017 ची बोंडअळी आठवा. जळगाव-धुळ्याच्या कोरडवाहू शिवारात गुलाबी अळीने बोंडे आतून खाल्ली. कृषी सहायक बांधावर येई, किडके बोंड फोडून बघे आणि म्हणे, "आप्पा, दिसतंय सगळं, पण वरून आदेश नाही." तो खोटे बोलत नव्हता. कृषी महाविद्यालयात माझ्या बाकावर बसलेली पोरे त्याच खात्यात आहेत. बोंड बघून रोग सांगतात, सहीसाठी तालुक्याकडे बघतात.

अळीचा मुक्काम मोडायचा तर पऱ्हाटी लवकर उपटा, हे शास्त्र. पंचनामा होईपर्यंत पीक उभे ठेवा, हा नियम. दोन्ही आपल्याला सांगायचे एकाच माणसाने! आणि हे कशासाठी? 2017 साली नुकसान 33 टक्क्यांवर भरले तर कोरडवाहूला हेक्टरी 6,800 रुपये मिळत, तेही दोन हेक्टरांपर्यंतच. पंचनाम्याची वाट बघत ज्याने कपाशी उभी ठेवली, त्याने पुढच्या हंगामाची अळी स्वतःच्या रानात पोसली.

साहेब लोक म्हणतात, 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे की! सेवा वेळेत दिली नाही तर 500 ते 5,000 रुपये दंड. आहे खरा. पण पहिले आणि दुसरे अपील त्याच खात्याच्या वरिष्ठापुढे, आयोग तिसऱ्या पायरीवर. कपाशीवाल्याला एवढ्या पायऱ्या चढायला सवड आहे? आणि ज्याच्या हाती निर्णयच नाही, तो दंडाच्या धाकाने काम करत नाही, अर्ज घ्यायचे टाळतो.

आपल्यातलेच विचारतात, चहापाण्याशिवाय फेरफार सरकत नाही, यांना आणखी अधिकार कशाला? शंका रास्त आहे. म्हणूनच अधिकार द्यायचा तो चावडीसमोर. नुकसान दिसले त्या आठवड्यात, वरच्या आदेशाची वाट न बघता, तिघांनी पंचनामा करावा. ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. सहीची प्रत शेतकऱ्याच्या हातात द्यावी. जिल्ह्याने आकडा बदलला तर कारण लेखी द्यावे. खोटे लिहिणारा मग गावापुढेच उघडा पडेल.

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. त्याची नक्कल घेऊन जिल्हा बैठकीला या.