कोब्यातली सळई

काळी माती पिकाला सोने आणि बांधकामाला वैरी, हे आपल्या सीमाभागात वेगळे सांगायला नको. मराठीत काळी म्हणा, कन्नडमध्ये एरे मण्णू म्हणा, गुण एकच. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. बडोद्याकडेही हीच माती.

तिथे तरसालीला माझा आतेभाऊ राहतो. शेजारच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतली नोकरी संपल्यावर हाती आलेल्या पैशातून त्याने घरामागे लेथ बसवायचे ठरवले. ठेकेदार म्हणाला, "जाळी दुप्पट टाकू, कोब्याला तडा जाणार नाही." दादाने फोन केला, "तू भूगोल शिकवतेस ना, मातीचे सांग." मातीचे मी सांगितले, सळईचे शेजारच्या इंजिनिअर काकांना विचारले.

काका म्हणाले, सळई तडा थांबवत नाही; गेलेला तडा रुंदावू देत नाही. काँक्रीट दाब छान सोसते, ताण मात्र त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकाच. म्हणून सळई. पण खालची जमीनच हलली तर जाळी काय करणार? आधी काळी माती जमेल तितकी खोल काढावी, मुरूम १५-१५ सेंटीमीटरच्या थरांनी, पाणी मारून, धुमसून भरावा. पावसाचे पाणी शेडपासून लांब काढावे.

दुसरी गोष्ट, जाळीची जागा. बहुतेक ठिकाणी ती जमिनीवर अंथरतात आणि काँक्रीट ओतताना आकड्याने वर ओढू म्हणतात. माणसे तिच्यावरूनच चालतात, ती तळाशीच राहते. १५ सेंटीमीटर जाडीच्या कोब्यात जाळी वरून सुमारे ५ सेंटीमीटरवर हवी, खाली सळईच्या खुर्च्या देऊन. चार-साडेचार मीटरवर सांधे कापावेत, म्हणजे तडा आपण सांगू तिथेच जातो. जड लेथचा पाया कोब्यापासून सुटा ठेवावा, नाहीतर यंत्राची लेव्हल बिघडते. आणि पाणी? आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला १०.

दादाने दुप्पट जाळी रद्द केली आणि तो पैसा मुरमात घातला.

वाचकहो, मुरूम आणि सळई दोन्ही शेवटी झाकली जातात. आपण पैसे मोजतो ते वरच्या गुळगुळीतपणाकडे बघून. म्हणून कोबा घालायच्या दिवशी घरातल्या एकाने पट्टी घेऊन तिथे उभे राहावे. त्या दिवशीचा चहा ठेकेदाराला आपणच नेऊन द्यावा!